बहुघटकी अँटेना : एकाच आकाशांतल्या अनेक वाटा

आषाढ शुद्ध पक्षांत श्रीतुकाराममहाराजांची पालखी सराटीहून नीरा नदी ओलांडून अकलूजला येते. सोलापूर जिल्ह्यांतील तिचा हा पहिला मुक्काम. गोल रिंगण होतें, अश्व धांवतो, आणि एरव्हीं ऊंस, साखर व घोडेबाजार ह्यांसाठीं प्रसिद्ध असलेलें हें गांव त्या दिवशीं माणसांनीं भरून जातें. अशा गर्दींत दिंडीपासून चुकलेली एखादी वृद्ध माउली व तिला शोधणारा तिचा मुलगा डोळ्यांसमोर आणावा. दोघांच्याहि हातीं मोबाईल आहे. दोघांच्याहि यंत्रावर मनोऱ्याचा जोर दाखविणाऱ्या पट्ट्या पूर्ण भरलेल्या आहेत. तरी मुलगा पुन्हां पुन्हां क्रमांक फिरवितो आणि फोन कांहीं लागत नाहीं. मनोरा समोर दिसतो, त्याचा आवाज यंत्राला स्पष्ट ऐकूं येतो. मग बोलणेंच तेवढें कां अडावें?

ह्या प्रश्नाचें उत्तर अकलूजच्या शेतकऱ्याला सहज समजेल. माळशिरस तालुक्यांत नीरा उजव्या कालव्याचें पाणी पाळीनें मिळतें. कालवा कांठोकांठ भरून वाहत असला, तरी आपली पाळी येईपर्यंत शेत कोरडेंच राहतें. आणि पाणी मागणारीं शेतें दसपट झालीं, तर प्रत्येकाच्या वांट्यास येणारें पाणी दशांश होतें. मोबाईलवरील पट्ट्या कालव्यांतील पाण्याची उंची तेवढी दाखवितात. आपली पाळी केव्हां येणार हें त्या सांगत नाहींत. सरकारी लिलावांत मोल देऊन घेतलेला कंपनसंख्यांचा पट्टा हाच मोबाईल कंपनीचा कालवा होय. त्याची रुंदी ठरलेली आहे, आणि त्या दिवशीं त्यावर तहानलेले लाखों आहेत.

उपाय काय? पट्टा रुंद करावा, तर आकाशांतील पट्टे मोजके आहेत आणि त्यांची किंमत भारी आहे. मनोरे वाढवावे, तर जागा, वीज व खर्च आडवे येतात. शिवाय फार जवळचे मनोरे एकमेकांच्या बोलण्यांत बोलूं लागतात. मग मनोऱ्याचा आवाजच मोठा केला तर? हा विचार स्वाभाविक असला, तरी तो फसवा आहे. १९४८ सालीं क्लॉड शॅनन ह्या अमेरिकन गणितज्ञानें दूरसंदेशाचें जें गणित मांडलें, त्यावरून हें उघड होतें. संदेशाची शक्ति सभोंवारच्या गोंगाटाच्या १००० पट असेल, तर पट्ट्याच्या प्रत्येक हर्ट्झमागें दर सेकंदास फार तर सुमारें १० अंक पाठवितां येतात. येथें अंक म्हणजे शून्य किंवा एक. तेच २० अंक पाठवावयाचे, तर शक्ति दुप्पट करून भागत नाहीं. ती सुमारें दहा लाख पट, म्हणजे पूर्वींच्या हजारपट लागते! परंतु मूळचीच शक्ति दोन स्वतंत्र वाटांवर निम्मी निम्मी वांटली, तर प्रत्येक वाटेवरून सुमारें ९, मिळून १८ अंक जातात. एकच आवाज चढवीत बसण्यापेक्षां वाटा दोन करणें किती लाभाचें आहे, हें ह्या लहानशा हिशोबांत दिसतें. एकाच पट्ट्यावर, एकाच वेळीं, अशा अनेक वाटा उघडणें हेंच बहुघटकी अँटेनाचें कार्य.

जुन्या रेडिओच्या काळांत घरावरची लांब तार म्हणजे एरिअल. तोच आजच्या बोलण्यांतला अँटेना. एकटी उभी तार सभोंवार सारखीच बोलते, आणि जिकडे कोणी ऐकणारा नाहीं तिकडेहि आपली शक्ति उधळते. तिला दिशा कशी द्यावी? नीरेच्या घाटावर उभें राहून संथ पाण्यांत दोन खडे थोड्या अंतरावर एकाच वेळीं टाकून पहावे. दोन वर्तुळें पसरतात. जेथें एकीचा उंचवटा दुसरीच्या उंचवट्यावर येतो, तेथें लाट मोठी होते. जेथें उंचवटा खळग्यांत पडतो, तेथें पाणी जवळजवळ निश्चल राहतें. खडे दोन, पण पाण्यावर प्रबल व निर्बल दिशांचा पंखा उमटतो. बिनतारी लहरींचेंहि असेंच आहे. मार्कोनीसह १९०९ सालचें नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या कार्ल फर्डिनंड ब्राऊन ह्या जर्मन शास्त्रज्ञानें १९०५ सालींच तीन अँटेना त्रिकोणांत उभे करून बिनतारी संदेशास दिशा देतां येते हें दाखविलें होतें. त्या तीन तारांचा वंश आज मनोऱ्यावरील चपट्या पेटींत नांदत आहे.

चार घटकांना एकेक माप शक्ति दिली आणि चौघांच्या लहरी एका ठिकाणीं उंचवट्यावर उंचवटा अशा पोंचल्या, तर तेथें लाटेची उंची चौपट होते; आणि शक्ति उंचीच्या वर्गाच्या प्रमाणांत असल्यामुळें ती सोळा पट होते. हीं चारहि मापें एकाच अँटेनाला दिलीं असतीं, तर तेथें शक्ति केवळ चौपट झाली असती. हा चौपट लाभ आला कोठून? तो शून्यांतून आलेला नाहीं. इतर दिशांना जाणारी शक्ति वळवून ह्या दिशेला आणली, एवढाच त्याचा अर्थ.

आतां रचनेचे प्रश्न येतात. पहिला प्रश्न अंतराचा. पाभरीच्या फणांत अंतर किती ठेवावें हें पिकावरून ठरतें. अँटेनाच्या घटकांतील अंतर लहरीच्या लांबीवरून ठरतें. सामान्य नियम अर्ध्या लहरीचा. अंतर त्याहून फार कमी केलें, तर शेजारचे घटक एकमेकांची शक्ति शोषूं लागतात व त्यांचे बोल वेगळे राहत नाहींत. अंतर पूर्ण लहरीइतकें किंवा अधिक झालें, तर मुख्य झोताबरोबर तितक्याच जोराचा दुसरा झोत भलत्याच दिशेला फुटतो, आणि शक्ति तर वायां जातेच, पण शेजारच्या गांवांतील संभाषणांतहि व्यत्यय येतो.

दुसरा प्रश्न झोत वळविण्याचा. जुन्या काळीं अँटेना हातानें किंवा यंत्रानें फिरवीत. येथें कांहींच फिरत नाहीं. फिरतो तो वेळेचा हिशोब. अर्ध्या लहरीच्या अंतरावरील घटकांना ओळीनें पाव आवर्तनाचा उशीर दिला, कीं झोत ३० अंश कलतो. ३५०० मेगाहर्ट्झला हा उशीर सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा चौदावा हिस्सा इतका असतो. असा सूक्ष्म उशीर बदलून झोत क्षणांत नदीकडे, क्षणांत बाजाराकडे नेतां येतो. इतकेंच नव्हे, तर निरनिराळ्या संदेशांना निरनिराळे उशीर देऊन, त्याच पेटींतून, त्याच क्षणीं, अनेक झोत अनेक दिशांना सोडतां येतात. कालवा तोच, पण त्याला आतां एकाच वेळीं उघडणाऱ्या अनेक चाऱ्या फुटल्या.

तिसरा प्रश्न घटकांच्या संख्येचा. रांगेंत जितके घटक अधिक, तितका झोत अरुंद. अर्ध्या लहरीच्या अंतरानें आठ घटक आडवे मांडले, तर झोताची रुंदी सुमारें १३ अंश होते, म्हणजे एक किलोमीटरवर सव्वादोनशें मीटरच्या आसपास. परंतु घटक किती मांडतां येतील हें पुन्हां लहरीच्या लांबीवरच अवलंबून. भारतांत १ ऑक्टोबर २०२२ रोजीं पांचव्या पिढीच्या मोबाईलसेवेचा आरंभ झाला. तत्पूर्वींच्या लिलावांत ७०० मेगाहर्ट्झ, ३३०० मेगाहर्ट्झच्या पुढचा पट्टा व २६ हजार मेगाहर्ट्झ असे पट्टे होते. ७०० मेगाहर्ट्झला अर्धी लहर सुमारें २१ सेंटिमीटर. आठ घटकांची रांग दीड मीटरच्या पुढें जाते, आणि एवढा फलक वाऱ्याला छाती देऊन मनोऱ्यावर उभा करणें सोपें नाहीं. ३५०० मेगाहर्ट्झला अर्धी लहर सव्वाचार सेंटिमीटरांच्या जवळ. म्हणून मध्यम आकाराच्या एकाच पेटींत आठ उभ्या रांगा, प्रत्येकींत बारा जागा आणि प्रत्येक जागीं परस्परांना छेदणारे दोन घटक, असे १९२ घटक मावतात. २६ हजार मेगाहर्ट्झला अर्धी लहर सहा मिलिमीटरहि नसते. तळहाताएवढ्या जागेंत शेंकडों घटक बसतात, पण ती लहर माणसाचा हात आडवा आला तरी अडते. तेव्हां दूर जाणारी लहर घटकांना जागा देत नाहीं, आणि जागा देणारी लहर दूर जात नाहीं. हा पेंच सोडवीतच प्रत्येक गांवची रचना करावी लागते.

येथवरचा विचार दिशा देण्याचा झाला. त्याहून आश्चर्याची गोष्ट पुढेंच आहे. मनोऱ्यावरील दोन घटकांनीं एकाच वेळीं, एकाच कंपनसंख्येवर, एकाच मोबाईलला दोन भिन्न संदेश पाठविले तर? हवेंत त्यांची मिसळ होणारच. ती मिसळ पुन्हां निवडावी कशी? ज्यांनीं शाळेंत एकसामयिक समीकरणें सोडविलीं आहेत, त्यांना हें कोडें नवें नाहीं. मोबाईलमध्येंहि दोन अँटेना आहेत असें समजूं. पहिल्यावर दोन अज्ञात संख्यांची बेरीज ११ आली. दुसऱ्यावर पहिलीची दुप्पट आणि दुसरी मिळून १८ आले. वजाबाकी केली, कीं पहिली संख्या ७ व दुसरी ४ हें तत्काळ कळतें. दोन अज्ञातें, दोन समीकरणें, एक निश्चित उत्तर. परंतु दुसऱ्या अँटेनावर दोघींची दुप्पट, म्हणजे २२, आली असती तर? तें समीकरण पहिल्याचीच नक्कल असल्यामुळें कांहींच उलगडा झाला नसता. म्हणून अट ही, कीं दोन्ही अँटेनांना मिळणारी मिसळ वेगवेगळ्या प्रमाणांत झालेली असावी.

ही भिन्नता कोण निर्माण करतें? घरांच्या भिंती, पत्र्याचीं छपरें, पाण्याची टांकी, उभी असलेली एस. टी. लहर त्यांवर आपटून निरनिराळ्या वळणांनीं येते, आणि हाताएवढ्या अंतरावरहि मिसळीचें प्रमाण बदलतें. पूर्वीं हे प्रतिध्वनि अभियंत्यांना शत्रु वाटत. घरांतील दूरदर्शन संचावर एका माणसाशेजारीं त्याची फिकट छाया दिसे, ती ह्यांचीच करणी. त्यांना दाबून टाकणें हीच त्या काळची विद्या होती. ज्याला विघ्न समजले तेंच साधन होऊं शकतें, ही दृष्टि पुढें आली. आणि ती ज्या दोघांच्या नांवें नोंदली गेली, त्यांच्या शिक्षणाचा वाटा महाराष्ट्रांतून गेल्या आहेत.

थॉमस कैलाथ ह्यांचा जन्म १९३५ सालीं पुण्यांत, मूळच्या केरळीय कुटुंबांत झाला. सेंट व्हिन्सेंट शाळेंत व पुढें पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकून ते १९५६ सालीं दूरसंचाराचे पदवीधर झाले, आणि अमेरिकेंत डॉक्टरेट मिळवून १९६३ पासून स्टॅनफर्ड विद्यापीठांत अध्यापन करूं लागले. आरोग्यस्वामी पॉलराज हे तामिळनाडूंतील पोल्लाची येथील. वयाच्या पंधराव्या वर्षीं ते खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनींत दाखल झाले, आणि लोणावळ्याच्या नौदल अभियांत्रिकी महाविद्यालयांतून १९६६ सालीं पदवीधर झाले. ९ डिसेंबर १९७१ रोजीं ‘खुकरी’ ही भारतीय युद्धनौका दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीच्या माऱ्यानें बुडाली व जवळजवळ दोनशें अधिकारी आणि खलाशी प्राणांस मुकले. पाण्याखालचा शत्रु वेळींच ऐकूं यावा, ह्याचें मोल त्या रात्रीं नौदलाला कळलें. पाणबुडीचा वेध घेणाऱ्या सोनार यंत्रांत सुधारणा करण्याचें काम पॉलराज ह्यांच्याकडे आलें, आणि पुढें कोची येथील नौदलाच्या प्रयोगशाळेंत त्यांच्या नेतृत्वाखालीं ‘अप्सोह’ हें स्वदेशी सोनार सिद्ध झालें. सोनार म्हणजे तरी काय? पाण्यांत ओळीनें मांडलेले अनेक कान, आणि त्यांनीं ऐकलेल्या मिसळींतून दिशा निवडणारें गणित. अँटेनाचा बहुघटकी संच हें त्याचेंच हवेंतील भावंड.

नौदलांतून निवृत्त होऊन पॉलराज १९९१ सालीं स्टॅनफर्डला कैलाथांच्या संशोधनगटांत गेले. एकमेकांत मिसळलेले संदेश वेगळे करण्याच्या प्रयोगांत त्यांना असें दिसून आलें, कीं सभोंवारच्या वस्तूंवर आपटून लहरी विखुरल्या, म्हणजे जवळजवळच्या अँटेनांवरून निघालेले संदेशहि निवडतां येतात. १९९२ सालीं दोघांनीं ह्या कल्पनेच्या पेटंटसाठीं अर्ज केला व १९९४ सालीं तें मिळालें. प्रारंभीं अनेकांना ही कल्पना पटली नाहीं. पुढें १९९६ सालीं बेल प्रयोगशाळेंतील जेरार्ड फॉशिनी ह्यांनीं अशा मार्गानें वाटा किती वाढूं शकतील ह्याचें गणित मांडलें. आणि घरोघरच्या वाय-फायमध्यें व चौथ्या पिढीच्या मोबाईलमध्यें ही पद्धति रुळली. भारत सरकारनें कैलाथ ह्यांस २००९ सालीं व पॉलराज ह्यांस २०१० सालीं पद्मभूषण देऊन गौरविलें. २०१० सालींच टॉमस मार्झेटा ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें पुढचें पाऊल सुचविलें : मनोऱ्यावर घटक इतके असावे, कीं ते एकाच वेळीं बोलणाऱ्या माणसांच्या संख्येहून कितीतरी अधिक भरावे, म्हणजे प्रत्येकाचा संदेश त्याच्यापुरता राहील. आजच्या १९२ घटकांच्या पेट्या ह्याच विचाराचें फळ आहे.

पण मनोऱ्याला तो मुलगा नेमका कोठें आहे, हें समजतें कसें? मोबाईल अधूनमधून एक ठराविक खूण पाठवितो. मनोऱ्याच्या प्रत्येक घटकाला ती थोड्या निराळ्या वेळीं व निराळ्या जोरानें ऐकूं येते. त्यावरून येण्याची वाट कळते, आणि जाण्याची वाटहि तीच असल्यामुळें मनोरा तोच हिशोब उलटा लावून उत्तर पाठवितो. मात्र हें ज्ञान फार अल्पायुषी असतें. ताशीं ६० किलोमीटर वेगानें धांवणारी एस. टी. अर्ध्या लहरीचें अंतर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या अडीच-तीन पटींत ओलांडते, आणि तेवढ्यांत मिसळीचें प्रमाण बदललेलें असतें. पायीं चालणारा वारकरी तेंच अंतर सेकंदाच्या सुमारें पंचविसाव्या भागांत चालतो. म्हणून धांवत्या प्रवाशापेक्षां वारकऱ्याशीं बोलणें मनोऱ्याला पुष्कळ सोपें जातें.

अशी ही विद्या असली, तरी ती जादू नव्हे, हें सांगितलेंच पाहिजे. खांद्याला खांदा लावून उभे असलेले दोन वारकरी मनोऱ्यावरून एकाच रेषेंत दिसले आणि आसपास लहरी विखुरणारें कांहीं नसलें, तर दोघांचीं समीकरणें एकमेकांची नक्कल होतात व त्यांना पाळीनेंच बोलावें लागतें. मोकळ्या मैदानावरील रिंगणांत हा दोष अधिक, घरांनीं वेढलेल्या पेठेंत कमी. भोंवतालच्या माळशिरस तालुक्यांत पुरुषाहून उंच ऊंस उभा असतो; त्याच्या पानांतलें पाणी लहरी शोषून घेतें, आणि कंपनसंख्या जितकी मोठी तितकें हें शोषण अधिक. तेथें ७०० मेगाहर्ट्झसारखी लांब लहरच उपयोगी पडते, जरी तिच्या पेटींत घटक थोडे. शिवाय प्रत्येक घटकामागें विजेचा खर्च व उष्णता असते. आणि मनोऱ्यापासून पुढें जाणारी कांचेच्या तंतूची वाहिनीच अपुरी असेल, तर वर १९२ घटक बसवूनहि गांठ सुटत नाहीं. तेव्हां जाणता रचनाकार प्रथम गांव पाहतो : वस्ती पसरट कीं मजल्यांची, पिकें कोणतीं, वर्षांतून किती दिवस लोकसंख्या किती पट होते. उंच इमारतींच्या मुंबईंत झोत वर-खालीं वळण्यास मोल असतें. अकलूजसारख्या बहुतांशीं बैठ्या वस्तींत तो आडवा वळण्यास अधिक मोल. आणि पालखीच्या मुक्कामासारख्या प्रसंगीं चाकांवरचा तात्पुरता मनोरा आणून उभा करणें, हा साधा उपायहि त्याज्य मानूं नये.

पुन्हां त्या माउलीकडे वळूं. तिच्या सभोंवार टाळमृदंगांचा कल्लोळ आहे. दहा दिंड्या दहा अभंग म्हणत आहेत. तरी तिचे दोन कान त्यांतून आपल्या दिंडीचा सूर ओळखून निवडतात, कारण उजव्या व डाव्या कानावर तो कल्लोळ थोडा वेगळा पडतो. ह्या साध्या निसर्गदत्त देणगींतच सगळ्या बहुघटकी अँटेनांचें मर्म सांठलेलें आहे. गर्दी झाली म्हणून ओरडावें लागतें असें नाहीं. ऐकणाराला कान पुरेसे असावे, आणि बोलणाराला वाट ओळखतां यावी. तसें झालें, म्हणजे लाखोंच्या मेळाव्यांतहि एका मुलाची हांक त्याच्या आईच्या हातांतील यंत्रापर्यंत पोंचते.